चार तोंडांचं फूल

कावाओकू नगरपालिकेच्या हद्दीत, हिसाएबाईंच्या परसात, एका पांढऱ्या डेझीला पट्टीसारखा चपटा देठ फुटला आणि त्यावर एकमेकांना चिकटलेली चार फुलं आली. पालिकेची परवानगी न घेता आली, हे आधीच नमूद केलेलं बरं.

हिसाएबाईंना पहिली आठवली ती जवळची अणुभट्टी. तिथे अपघात झाला तेव्हा सगळं गाव उठलं होतं. वरची माती खरवडून नेल्यावर परत आलं. आता लेक कानाए नातीला घेऊन कायमची राहायला येणार होती आणि नातीसाठी मुळा, पालक पेरायचा तो याच वाफ्यात. बाईंनी पालिकेला फोन करून एवढंच मागितलं, "माती तेवढी तपासून द्या."

माती तपासायला निशिगाकीसाहेब आले. हातात कुदळ नव्हती, मिठाईचा खोका होता. कमरेत वाकून त्यांनी आधी बाईंना आणि मग फुलाला नमस्कार केला.

"काकू, याला कारणं पुष्कळ संभवतात. कीड, जिवाणू, कोवळ्या कोंबाला बसलेली थंडी, तणनाशक. नाहीतर झाडाचं घराणंच तसलं."

"आणि किरणोत्सर्ग?"

"तोही संभवतो, नाही कोण म्हणतंय?" साहेबांनी आवाज खाली आणला. "पण किडीला आपल्याकडे शेती विभाग आहे, तणनाशकाला रस्ते विभाग. किरणोत्सर्गाचा विभाग गेल्या साली बंद झाला. ज्याला खिडकीच नाही, ते कारण आम्ही धरायचं कसं?"

"म्हणजे माती तपासणार नाही?"

"तपासली तर लोकांना वाटेल, तपासण्यासारखं काहीतरी आहे."

शेजारच्या मोरिहेईने फुलाचा फोटो फोनवरून सगळीकडे टाकला आणि संध्याकाळपर्यंत देशभर निकाल लागला: किरणोत्सर्ग! ज्यांनी जन्मात कुंडीला पाणी घातलं नाही, तेही वनस्पतिशास्त्रावर बोलू लागले. अशी फुलं अणुभट्टी नसलेल्या मुलखातही येतात, असं एक प्राध्यापक म्हणाले. त्यांना किती पैसे मिळाले, हे लोकांनी लगेच विचारलं.

बदनामी पुसायला आठवड्याभरात पालिकेने ते फूल 'एकोप्याचं फूल' म्हणून गावाचं बोधचिन्ह केलं. वाफ्याभोवती दोर आला, 'येथे खणू नये' अशी पाटी आली आणि चार तोंडांचा गुबगुबीत पोशाख घालून एक जण परसात नाचू लागला.

"काकू, आत फार उकडतंय हो," पोशाखातून निशिगाकीसाहेबांचा आवाज आला.

त्याच दुपारी कानाएचा फोन आला. "आई, फोटो बघितला. आम्ही नाही येत."

"अगं, माती अजून तपासलेलीच नाही!"

"आता काय तपासायचंय? सगळ्यांना माहीत आहे."

बाईंचं डोकं फिरलं. "मेल्यांनो, कुणीतरी एकदा तरी खणा की!" असं ओरडत त्यांनी दोर ओलांडला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत माती भरली आणि तडक पालिका गाठली. तिथे सगळे उठून अदबीने वाकले. बोधचिन्हाची माती हलवल्याबद्दल बाईंना माफ करण्यात आलं. बरणी मात्र कुणी हातात घेतली नाही.

ती आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. नातीची खोली झाडूनपुसून तशीच बंद आहे. फूल बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बाई विचारतात, "कशानं आलं असेल हो?" ज्याला त्याला उत्तर ठाऊक असतं.

तुम्हालाही आहेच की. अणुभट्टीचं नाव निघालं तेव्हाच तुमचं ठरलं होतं. माती अजून बरणीतच आहे.