रडण्याची शिकवणी

लग्न तोंडावर आलं, तरी बिजलीला रडता येईना.

तांड्यातल्या पोरीची भाकरी जाड झाली तर खपतं, कशिदा वाकडा आला तर सासू थोडं बोलून गप्प बसते. पण ढावलो आलाच पाहिजे. ढावलो म्हणजे नवरीचं रडगाणं. निरोपाच्या वेळी झूल घातलेल्या बैलावर उभं राहायचं, दोन्ही हात वर करायचे आणि सुटत चाललेल्या माहेराला सुरात हाका मारायच्या. जी न रडता गेली तिला व्याह्यांच्या तांड्यात ‘कोरडी’ म्हणत. असं नाव एकदा चिकटलं की म्हातारपणीही नातसुना त्याच नावानं ओळखत.

ढावलो शिकवायची सुखीबाई. ती बिजलीची विधवा काकी. कुठल्या ओळीवर हुंदका, कुठल्या ओळीवर श्वास, हे तिच्याकडे ठरलेलं होतं. कितीतरी पोरी तिनं रडवून सासरी पोचवल्या होत्या.

“पहिली हाक कोणाले?”

“याडीले.”

“मंग मार.”

बिजली हात वर करी, छाती भरून घेई, “याडी ये…” म्हणे, आणि खुदकन हसे.

याडी म्हणजे आई. बिजलीची याडी ती लहान असतानाच गेली होती. ढावलो रोज त्या एका शब्दापाशी येई आणि तिथंच बसकण मारी.

“दात काहून काढून राह्यली?”

“मी नाई काढत, काकी. ते आपोआप निंगतात.”

सुखीबाईनं चिमटे काढले. कांदा फोडून डोळ्यांशी धरला. बिजलीनं तो भाकरीशी खाल्ला. मग भीतभीत म्हणाली, “काकी, याडीच्या जागी दुसऱ्या कोणाले हाक मारली तं?”

“वा वं! आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबईच्या राज्यात गेला म्हून आता ढावलोबी बदलायचा? राज्यं बदलतात, ढावलो नाई बदलत!”

शेजारच्या पोरी बघून हसतात म्हणून हिला हसू येतं, असं सुखीबाईनं ठरवलं आणि एका दुपारी तिला नाल्याकाठी नेलं. तिथं कोणी नव्हतं. “नीट पाहाय,” म्हणत तिनं स्वतः ढावलो धरला. ‘याडी ये, तुझ्या सुपातली मी चिमूट, वारा आला नि उडाली…’ आपला नवरा, आपलं माहेर, सगळं आठवून सुखीबाई अशी रडली की पळसावरचे होले उडाले.

नाल्यापलीकडच्या वावरात शेजारच्या गावचा किसनराव कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होता. त्यानं कान टवकारले. “विमल, सुखीबाई रडून राह्यली. तांड्यात कोणीतरी गेलं.”

“धरमसिंग भाऊ तं नसन?” त्याची बायको विमलताई म्हणाली. “बाजारात त्यायले ताप होता म्हणे.”

एवढं पुरे होतं. किसनरावानं गाडीतल्या पऱ्हाट्या खाली टाकल्या, सरणासाठी बाभळीची लाकडं भरली. विमलताईनं भाकरी-पिठल्याची दुरडी घेतली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. वाटेत माणसं जमत गेली.

तांड्यात बिजलीचा बाप धरमसिंग मांडवाच्या सावलीत तोंडावर धोतर ओढून निजला होता. रात्रभर मांडवाच्या मेढी रोवून थकला होता बिचारा. माणसांनी टोप्या काढल्या. विमलताईनं दुरडी ठेवून गळा काढला, “भाऊ, पोरीचं लगन न पाहताच गेले हो!”

धोतर हललं. “कुठी गेलो?”

विमलताई किंचाळली. किसनराव दोन पावलं मागं सरला. “धरमसिंग, तू जिवंत हायेस?”

“हावो. काहून रडून राह्यले तुमी?”

तेवढ्यात नाल्यावरून सुखीबाई आणि बिजली आल्या, आणि सगळा उलगडा झाला. माणसं हसली. आणलेली भाकरी परत नेऊ नये म्हणून मांडवातच सोडली. लाकडं लग्नाच्या चुलाणाला कामी आली. विमलताई मात्र हसेना.

“भाऊ, तुमची बायको गेली तवा तुमच्या घरून आवाजच नाई आला,” ती म्हणाली. “आमाले कळलंच नाई. आलो तवा राख थंडी झालती. म्हून आज आवाज आयकला अन् धावलो.”

धरमसिंगनं हातातली भाकरी खाली ठेवली.

“पोरगी येवढीशी होती,” तो म्हणाला. “मी रडलो का ते रडे. मंग मी हासाले लागलो. तिले म्हटलं, डोये भरले का हास बेटा, याडी वरून पाहून राह्यली. तवापासून लागलं तरी हासे, ताप आला तरी हासे. मले वाटलं, पोरगी लवकर शिकली.”

सुखीबाईच्या हातातला घास तसाच राहिला. “अन् मी पोरीले चिमटे काढून राह्यली! बापाले काढाले पाह्यजे होते.”

निरोपाच्या दिवशी बिजली बैलावर उभी राहिली. हात वर गेले. व्याह्यांकडची म्हातारी मानीबाई कान देऊन पुढं सरकली. “याडी ये…” आणि बिजलीचे ओठ थरथरले, दात दिसले. सुखीबाईनं डोळे मिटून घेतले.

धरमसिंग माणसं सारत बैलापाशी गेला.

“बिजली, नको हासू. म्या खोटं शिकवलं तुले. याडी कुठूनच पाहून नाई राह्यली. ते गेली, बेटा.”

हसू बिजलीच्या तोंडावर तसंच थांबलं, जणू कुठं जावं ते त्याला कळेना. मग बांध फुटावा तसा तिच्यातून आवाज आला.

“बापू ये…”

सूर मोडका होता. श्वास नको तिथं तुटत होता. ‘तुझ्या सुपातली मी चिमूट, बापू ये…’ जिथं हुंदका ठरलेला नव्हता तिथं हुंदके होते. बैलसुद्धा हलला नाही.

मानीबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. “हा कोणता ढावलो वं? पहिली हाक तं याडीले असते.”

सुखीबाईनं ओढणीनं नाक पुसलं. “तुमच्याकडं असन. आमच्या तांड्यात जुन्या काळापासून बापूलेच असते.”

मानीबाईचेही डोळे वाहत होते. “जुनाच दिसते,” ती म्हणाली. “आमच्याकडचे इसरले असतीन.”

बैल टेकाड उतरून दिसेनासा झाला. माणसं पांगली. धरमसिंग मात्र रस्त्यातच उभा होता आणि हसत होता. मोठ्यानं, खांदे गदगदा हलवत. येणारे-जाणारे मान खाली घालून बाजूनं निघून जात होते.

सुखीबाईनं त्याचा हात धरून त्याला बाभळीखाली बसवलं. ढावलो बायांनी म्हणायचा असतो, पुरुषानं तो म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तिनं हलकेच सूर धरला आणि मानेनंच त्याला म्हणायला सांगितलं. धरमसिंगनं तोंड उघडलं. निघालं ते हसूच.

“राहू दे,” सुखीबाई म्हणाली. “मोठ्या माणसाले येळ लागते.”

आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.