बैलाचं उद्घाटन

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना पर्यावरणाचा पुळका आला. हसू नका रे! येतो कधीकधी राजालाही.

महाराज म्हणाले, "विजेच्या गाड्या घ्या. जागोजागी चार्जिंग स्टेशनं आहेतच."

जागोजागी म्हणजे तीन.

साळूबाई नावाची एक साळिंदरीण होती. भाडी मारायची. तिने लगेच बैलगाडी विकून विजेची रिक्षा घेतली. हौशा बैलाला म्हणाली, "जा बाबा, तुझा जमाना संपला." बिचारा गेला. कुठे गेला ते कळेल, मधेमधे विचारू नका.

एका दुपारी चंद्री हरिणीला कळा सुरू झाल्या. सुईण हत्तीण डोंगरापलीकडे. साळूबाईने चंद्रीला रिक्षात घातलं आणि निघाली. थोडं पुढे जाते तो बॅटरीचा लाल दिवा लागला.

"साळूताई, पोचू ना गं आपण?" चंद्री कण्हत म्हणाली.

"न पोचायला काय झालं? हे काय स्टेशन!"

पहिल्या स्टेशनवर यंत्र मखमली कापडाने झाकलेलं. शेजारी खुर्चीत माकड.

"वीज आहे का रे?"

"भरपूर! पण उद्घाटन व्हायचंय."

"अरे मेल्या, ही इथंच बाळंत होईल!"

"मग त्याचंही उद्घाटन महाराजच करतील. तारीख घ्यावी लागेल."

"आण तो नारळ, मीच फोडते!"

"कोनशिलेवर तुमचं नाव आहे का?"

दुसऱ्या स्टेशनवर नारळ फुटला होता. कोनशिला होती, महाराजांचा हसरा फोटो होता. वीज तेवढी नव्हती. 'वीज मंजूर आहे' अशी पाटी होती. मंजूर विजेवर रिक्षा चालत नाही, बाळांनो. भाषण चालतं.

तिसऱ्या स्टेशनपर्यंत साळूबाईने रिक्षा ढकलत नेली. तिथे सगळं होतं. पण यंत्राची वायर एका बैलाच्या गळ्यात होती. कुणीतरी दावं म्हणून तीच बांधली होती, आणि तिचं टोक बैल चघळत उभा होता. बैल कोण? आपला हौशाच!

"मुडद्या, वायर खाल्लीस?"

"थोडीशीच. चव नाही, पण झिणझिण्या छान येतात."

साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. तेवढ्यात चंद्री जिवाच्या आकांताने ओरडली. साळूबाईला रडूच फुटलं.

"हौशा, चुकले रे मी. ओढशील का रिक्षा?"

"माझा जमाना संपलाय ना?"

"तुझ्या पाया पडते!"

"पडू नकोस बाई. काटे टोचतील."

हौशाने रिक्षा ओढली, डोंगर ओलांडला. हत्तिणीच्या दारात चंद्रीला गोजिरवाणं पाडस झालं. साळूबाईने आनंदाने हौशाला मिठी मारली. टोचलंच त्याला.

ही बातमी महाराजांच्या कानावर गेली. ते खूश झाले. "बघा! आपल्या स्टेशनवरून निघालेली गाडी थेट डोंगर चढली!" त्यांनी हौशाला जंगलाचं चौथं चार्जिंग स्टेशन म्हणून जाहीर केलं.

पुढच्याच आठवड्यात पाडसाला ताप भरला. साळूबाई धावत हौशाकडे गेली. पाहते तर हौशा मखमली कापडाखाली. शेजारी खुर्चीत माकड.

"कापड काढ रे, पोर तापाने फणफणलंय!"

"अंहं. उद्घाटन व्हायचंय."

कापडाखालून हौशाचा केविलवाणा आवाज आला, "साळूबाई, मूठभर गवत टाक गं. माझा चारा मंजूर आहे म्हणतात."

तात्पर्य : विजेची गाडी खुशाल घ्यावी. दारात एक बैलही ठेवावा. फक्त तो चालतो हे राजाला कळू देऊ नये.