कमुरत्यातला घास

मेहुण्याचे पाच घोडे महिनाभर सांभाळायचं उखाभाऊंनी कबूल केलं, तेव्हा रिकामा घोडा जास्त खातो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मेहुणा पंडित लिंबायतमध्ये वरातीचे घोडे भाड्याने देई. डिसेंबरात कमुरत्याचा अशुभ महिना बसला की उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, अख्ख्या गुजरातेत लग्नं बंद. घोड्यांना काम नाही, पंडितला सुट्टी. "दाजी, गवत भरून ठेवलंय. घोडे धष्टपुष्ट राहिले, तर वर्षाच्या लग्नात नवरदेवाला माझी पांढरी घोडी!" एवढं बोलून तो अमळनेरच्या गाडीत बसला.

वर्षा ही उखाभाऊंची मुलगी, थोरल्या चेतनच्या पाठची. डिंडोलीच्या लक्ष्मणरावांनी तिला मागणी घालताना मानपान, भांडीकुंडी सगळं बाणेदारपणे नाकारलं होतं. फक्त पोरगा घोडीवर बसून येईल, नाहीतर येणारच नाही, एवढंच त्यांचं माफक म्हणणं होतं.

थंडी पडली. लूमवरची पाळी संपवून उखाभाऊ येत, तेव्हा घोडे त्यांच्याकडे पंगतीत वाढप्याकडे बघावं तसे बघत. महिन्याचं गवत नाताळातच संपलं.

"आते यास्ले काय खावाले देऊ? लूमवरल्या साड्या?"

"लोके गायले घास टाकतस, पुन्य मिळस," उखाभाऊंच्या बायको मंगलाबाई म्हणाल्या. "मंग घोडीनी काय पाप करेल शे?"

आणि नळावर जाऊन त्यांनी शेजारच्या कुसुमला हळूच सांगितलं, की ज्याच्या पोराचं जमत नाही, त्याने कमुरत्यात वरातीच्या घोडीला घास घालावा. वर्षभरात वरात निघते. हळूच सांगितल्यामुळे ते संध्याकाळपर्यंत सगळ्या लिंबायतला कळलं.

लिंबायतमध्ये बिनलग्नाच्या पोरांना तोटा नव्हता. पण आयांचं म्हणणं पडलं, की गाय दारात येते, तर घोडीनेही दारात यावं. मग उखाभाऊ रोज सकाळी पांढरीला दारोदार फिरवू लागले. ती थांबे, घास खाई, पुढच्या दाराशी जाई. दारोदार मिळालेल्या गवतातून उरलेल्यावर बाकीचे चौघे पोसले. उत्तरायणाला परतलेला पंडित घोड्यांच्या पाठी थोपटत म्हणाला, "दाजी, तुम्ही लूमवर फुकट गेलात!"

माघात वर्षाचं लग्न होतं आणि ते लागता लागता राहायची वेळ आली. नवरदेव गणेशला घेऊन घोडी डिंडोलीहून ऐटीत निघाली, लिंबायतच्या पहिल्या गल्लीत शिरली आणि कुसुमच्या दारात उभी राहिली. पंडितने लगाम ओढला, पुढे उभं राहून विनवलं. घास मिळाल्यावर ती हलली. एक घर. पुन्हा उभी. बँडवाल्यांची सगळी गाणी वाजवून झाली आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तरी वरात निम्म्या गल्लीतच.

लक्ष्मणराव घामाघूम होऊन चालत मांडवात आले. मागोमाग त्यांच्या बायको सरस्वतीबाई.

"उखाभाऊ, ही घोडी आहे का जोगवा मागणारी बाई? मुहूर्त टळला तर पोराला परत नेईन!"

"पोऱ्याले उतरावा ना, व्याही. दोन गल्ल्या तर शेतस."

"पायी? माझा पोरगा? त्यापेक्षा बिनलग्नाचा राहील!"

वर्षा आतल्या खोलीत रडू लागली. तेव्हा मंगलाबाई पुढे आल्या. "विहीणबाई, ती उगीच थांबत नाही. जिथे ती घास खाते, तिथल्या पोराचं वर्षात जमतं."

सरस्वतीबाई थबकल्या. गणेशचा थोरला भाऊ धर्मेंद्र अजून बिनलग्नाचाच होता आणि त्याचा विषय घरात कोणी काढत नसे.

"कोणाच्याही पोराचं?"

"कोणाच्याही."

सरस्वतीबाईंनी गल्लीच्या दिशेने हाक मारली, "गणेश! उतर खाली! पायी ये!"

मुहूर्तावर लग्न लागलं. अक्षता पडल्या तरी व्याही-विहीण दिसेनात, म्हणून उखाभाऊ मांडवाबाहेर पडून गल्लीत घोडीपाशी गेले. सरस्वतीबाई पदरातला घास घोडीला भरवत होत्या. लक्ष्मणरावांनी लगाम धरला होता, दोन्ही हातांनी. त्यांच्यामागे बायांची रांग होती आणि रांगेच्या शेवटी पेंढी घेऊन मंगलाबाई.

"अवं, हाई तर तूच रचेल शे ना?"

"रचेल शे. पन कुसुमना पोऱ्यानं काल जमनं ना! आपला चेतन काय कायम असाच ऱ्हाई? हात लावा."

उखाभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पेंढीला हात लावला.