विहिरीवरची चौथी

आमच्या शेजारचे भिकन आप्पा एका सिनेमाची वाट बघत होते, पण त्याचं नाव कधी घेत नसत. विचारलं तर म्हणायचे, "बारसं होवा आगोदर नाव लेतस का कोनी?" सिनेमा आप्पांच्या लग्नाआधीचा, पण त्याची स्वच्छ सीडी अजून निघाली नव्हती, म्हणजे आप्पांच्या लेखी तो जन्मलाच नव्हता. भेस्तानच्या सीडीवाल्याला ते नुसतं विचारत, "वो आया क्या? साफ होके आया क्या?" म्हाताऱ्याचं कुणीतरी दवाखान्यात आहे, अशी त्या बिचाऱ्याची समजूत होती.

आप्पांचा जन्म पलसाण्याच्या मिलमध्ये कापड तपासण्यात गेला. खाली दिवा, वर काच, काचेवरून सरकणारं कापड, आणि डाग दिसला की हाळी. ती सवय काही सुटली नाही. माझ्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ बघताना हे मागून ओरडले, "थांबा, थांबा! नवरदेवना गालवर तेलना डाग शे!" ती जन्मखूण होती. व्याही अजून आमच्याशी तुटक बोलतात.

त्या सिनेमाची फुटपाथवर घेतलेली एक जुनाट सीडी आप्पांकडे होती. सुट्टीच्या दुपारी गल्लीतले माग बंद पडले, की आमच्या नवागामची शांतता कानाला टोचते. आप्पा नेमकी तेव्हाच ती लावत. एकदा मलाही बोलावलं. चहाचे तीन कप मांडले होते. मी ऐसपैस बसलो, तर म्हणाले, "जरासा सरक, भाऊ." खोलीत आम्ही दोघंच होतो.

टीव्हीवर भुरकट ऊन, एक विहीर. तीन बायका पाणी शेंदून हसत निघून गेल्या. चौथी मागे उभीच राहिली. तिला चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. तरी ती आमच्याकडेच बघतेय, हे कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

"मन्ही बायको," आप्पा म्हणाले, पाहुण्याशी ओळख करून द्यावी तसं.

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या माहेरी या सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा आपण विहिरीवर होतो, असं त्या सांगत. लग्नाचा एकुलता एक फोटो पुराच्या पाण्यात गेला. "तिनं तोंड इसराई जाई ऱ्हायनं, भाऊ," आप्पा म्हणाले. "साफ प्रिंट उनी का दिखी." काकूंचा चेहरा ते विसरत चालले होते, म्हणून साफ प्रिंट यायची ही वाट.

गेल्या महिन्यात तो सिनेमा मोबाइलवर आला. कुणीतरी जुनी रिळं धुऊनपुसून लख्ख केली होती. मी बारशाचे पेढे घेऊनच गेलो. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. मी मोबाइल टीव्हीला जोडला.

दोराचा पीळसुद्धा दिसत होता. तीन बायका आल्या, हसल्या, गेल्या. विहिरीवर कुणीच उरलं नाही. काठावर तेवढा एक भरलेला हंडा होता, आणि त्यातलं पाणी हलत होतं.

"मांगे ले," आप्पा म्हणाले. मी मागे घेतलं. पुन्हा तीनच.

"आप्पा, जुन्या सीडीवरचा तो डागच असेल हो."

"डागच ना," ते हळूच म्हणाले. "जनमभर मी बी हाईच करं. डाग दिखना का धुवाले धाडा. त्यासनी तिले डाग समजीसन धुई टाकी." मग माझ्याकडे वळले. "पन मंग तो हंडा कोना शे, भाऊ?"

मला भीती वाटली आणि गलबलूनही आलं. आप्पांनी जुनी सीडी शर्टाला पुसून लावली आणि तीन कप चहा आणला. भुरकट उन्हात तिघी हसत निघून गेल्या. चौथी थांबली.

मी न सांगता जरासा सरकलो.