हेगेदूचं मूळ आणि ट्रॉयचं मंडळ

जगातल्या प्रत्येक शब्दाचं मूळ संस्कृतात असतं. तो शब्द वापरणाऱ्यांना तसं कळवायचं तेवढं राहून गेलेलं असतं. ही उणीव भरून काढायला १९८४ साली मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी मंडळाने व्युत्पत्ती उपसमिती नेमली. अध्यक्ष त्र्यंबकराव गोगटे. (नोकरीत ते मोटारींचे वायपर डिझाइन करत, त्यामुळे आडवं येईल ते पुसून टाकायची सवय होतीच.)

त्र्यंबकरावांची मुलगी सुलेखा शेजारच्या हंगेरियन इलोनाबाईंकडे व्हायोलिन शिकायची. बाई व्हायोलिनला ‘हेगेदू’ म्हणत. या शब्दाचं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही, असं बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि त्र्यंबकरावांना राहवेना. बेवारस शब्द! उपसमितीने गैरसोयीची अक्षरं गाळली, सोयीची घातली आणि बटाटेवडे संपायच्या आत शब्द एकमताने संस्कृत ठरवला. व्याकरणाचा पुरावा तर बिनतोड होता. आपण ‘घरात’, ‘घराला’ म्हणतो, तसेच हंगेरियन लोकही प्रत्यय शब्दाच्या शेवटी चिकटवतात. ‘हेगेदूबेन’ म्हणजे व्हायोलिनमध्ये. त्यांच्या भाषेत लिंगभेद नाही, ही अडचण होती. तो वाटेत हरवला असावा, असा शेरा मारून समितीने तीही मिटवली.

एकच गोष्ट त्र्यंबकरावांना आतून खात होती. सुलेखा मराठी बोलत नसे. सांगलीहून आजीचा फोन आला की “हाय आजी” म्हणून रिसीव्हर थेट बाबांच्या हातात. आजी हळूच विचारायची, “अरे, पोरगी माझ्यावर रागावलीय का?” त्र्यंबकराव घाईघाईने सांगलीच्या पावसाची चौकशी करायचे.

मंडळाच्या गणपतीत या शोधावर त्यांचं भाषण झालं. (इंग्रजीत, मुलांना कळायला हवं.) मग सुलेखाने व्हायोलिन वाजवलं, फार सुरेख वाजवलं, आणि खाली उतरून ती इलोनाबाईंशी घडाघडा हंगेरियन बोलू लागली, सगळ्या प्रत्ययांसकट. उपसमितीने टाळ्या वाजवल्या. पुरावा चालताबोलता समोर होता.

“हे तुम्ही शिकवलंत कसं?” त्र्यंबकरावांनी बाईंना विचारलं.

“शिकवलं कुठे?” बाई म्हणाल्या. “मी तिच्याशी दुसऱ्या भाषेत बोललेच नाही.”

परतताना त्र्यंबकरावांनी गाडी सुरू केली. मग घसा साफ करून ते निर्धाराने म्हणाले, “सुलेखा, फ्रॉम टुडे वुई विल स्पीक ओन्ली मराठी. ओके?”

“ओके, डॅड.”

गोष्ट आवडली असेल, तर आपल्या मुलांनाही जरूर सांगा. कोणत्या भाषेत, ते तुमचं तुम्ही बघा.