पानाच्या तळाचा नंबर

बबननाना चहा दोनदा सांगतात. एकदा टपरीवाल्याला, अन् एकदा शेजारीच कप विसळणाऱ्या त्याच्या बायकोला. "एकाला सांगितलं म्हंजी दुसऱ्याला कळलं, आसं न्हाई!" यवतला खताच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं लोकांच्या वेबसाइट करून देतो. नाना कोडही अर्धवट उभ्यानं लिहितात. बघून बघून माझेच पाय दुखतात.

त्या दिवशी तर त्यांनी फरशी झिजवायची बाकी ठेवली. न्हावऱ्याच्या ऊसरोपांच्या नर्सरीची साइट होती, मालकीणबाई चार वाजता बघायला येणार होत्या. पानाच्या वरच्या पट्टीत फोन नंबर झळकत होता, तळाशी मात्र नुसतं 'फोन' अन् पुढं मोकळं रान.

"नंबर वरच्या पट्टीच्या फाइलीत ठेवलाय, नाना. तळाची फाइल वेगळी, तिला तो दिसत नाही."

"एका पानावर नांदत्यात, आन् एकमेकीचं ठावं न्हाई! थांब, समद्या फाइलींना दिसंल आसा मोकळा सोडतो."

"नको!" मागं एका गावच्या साइटवर त्यांनी अशीच सगळी नावं मोकळी सोडली, तर सरपंचांच्या फोटोखाली वळूचं नाव आलं होतं. "तळाची फाइल बोलवाल तेव्हा नंबर तिच्या हातात द्या."

नाना थबकले. "हातात. तवाबी मी सोता जायला पायजे हुतं."

मालकीणबाई म्हणजे त्यांची सख्खी बहीण, शालनताई. आई शेवटच्या घटका मोजत होती, ताईंचा फोन लागेना. नानांनी फोन करून त्यांच्या गावच्या दूध डेअरीत निरोप ठेवला. दाजी रोज तिथं दूध घालायला येतात. नेमकं त्या दिवशी दूध शेजाऱ्यानं घातलं. ताई पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. चार वर्षं त्या नानांशी बोलल्या नव्हत्या. साइटचं कामसुद्धा माझ्या फोनवर सांगितलं होतं.

चारला ताई आल्या. त्यांनी पान खाली सरकवलं. तळाशी नंबर होता. बराच वेळ बघून त्या मला म्हणाल्या, "त्यास्नी सांगा, चांगलं झालंय. आन् आईच्या तिथीला जेवायला या म्हनावं."

नाना त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

ताई जिना उतरून गेल्या. नाना खुर्चीत बसले, चांगले पाठ टेकून.

"काय म्हनली?"

"ऐकलंत की तुम्ही."

"ऐकलं रं. तू सांग."

एरवी मी वैतागलो असतो. त्या दिवशी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली. मी सांगितलं.

"आता परत सांग."