वल्ह्याचं मशीन, मुदत पंधरा दिवस

पहिल्या तारखेला सकाळी रोइंग मशीन ग्रंथालयात आलं, आणि त्याला हात लावण्याआधी बाईंनी दाखल नोंदवही उघडली. दारातून आत आलेली वस्तू आधी नोंदवहीत चढायची आणि मगच वापरायची, असा तिथला शिरस्ता होता. बाई एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. एवढ्या काळात पुस्तकं, नकाशे, पृथ्वीचे दोन गोल, भिंतीवरचं घड्याळ आणि एकदा कुणाची तरी विसरलेली छत्री, असं सगळं त्या वहीत निळ्या शाईनं चढलं होतं. छत्रीचा मालक महिन्यानं आला, तेव्हा ती घरी न्यायला त्याला आधी सभासद व्हावं लागलं.

मशीन नगरपालिकेच्या क्रीडा समितीकडून आलं होतं. दरवर्षी सहा खात्यांची स्पर्धा व्हायची. कधी रस्सीखेच, कधी पळणं. या वर्षी समितीतल्या कुणाला तरी कोरड्या जमिनीवर होडी चालवायचं सुचलं. प्रत्येक खात्यातून तिघं, प्रत्येकी एक हजार मीटर, आणि तिघांच्या वेळेची बेरीज. सरावासाठी प्रत्येक खात्याला एकेक मशीन मिळालं होतं, आणि स्पर्धेच्या दिवशी तेच घेऊन यायचं होतं.

ग्रंथालयाचा नंबर दरवर्षी सहावा यायचा. बाकीची खाती साठ-सत्तर माणसांतून तिघं निवडत. ग्रंथालयात मुळात माणसंच तीन: बाई, पुस्तकं बांधणारा बाइंडर आणि नोंदी करणारी ताई. त्यामुळे निवडीचा प्रश्नच नसे. बाईंनी कधी तक्रार केली नव्हती. पण या वर्षी स्पर्धा तीस तारखेला होती, आणि त्याच दिवशी बाई निवृत्त होणार होत्या. चहाच्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "जाण्याआधी एकदा पाचवा नंबर बघायचा होता." बाइंडरच्या हातातला खळीचा ब्रश तिथंच थांबला. एकतीस वर्षांत बाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"बाई, हे कुठल्या विभागात घालू?" ताईनं विचारलं. "क्रीडा?"

"प्रवासात घाला," बाइंडर म्हणाला. "होडीच आहे ना."

"एका जागी बसून कसला आलाय प्रवास?"

"मग निम्मी प्रवासवर्णनं काढून टाकावी लागतील, ताई."

बाईंनी मशीनकडे गंभीरपणे पाहिलं आणि 'आरोग्य' असं लिहिलं. ताईनं हाताच्या सवयीनं सरकत्या बैठकीच्या खाली कार्डाचा खिसा चिकटवला, तारखांचा कागद लावला आणि बाजूला ठसठशीत शिक्का मारला: 'पंधरा दिवसांत परत करावे.' लाल अक्षरांचा दुसराही एक शिक्का होता, 'फक्त ग्रंथालयात वापरण्यासाठी'. तो शब्दकोशांवर मारत. सहा फुटी लोखंड कोणी घरी नेईल असं कुणाच्या मनात आलं नाही, म्हणून तो कपाटातच राहिला.

सराव दुपारच्या सुट्टीत, वाचनकक्षात सुरू झाला. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि ती कर्मचाऱ्यांनाही लागू होती. तेव्हा बाइंडर दात-ओठ खाऊन वल्हवायचा, पण हूं की चूं करायचा नाही. ताईला धाप लागली की ती बाहेर जिन्यात जाऊन धापा टाकून यायची. बाई पाठ ताठ ठेवून, एखादं जड कपाट उघडावं तशा मूठ ओढायच्या. बाइंडरला चार मिनिटं लागली, ताईला साडेपाच. बाईंना आठ लागली, पण पाचव्या दिवशी त्या सव्वासातवर आल्या, आणि संध्याकाळी घरी जाताना त्यांनी जिन्याचा कठडा धरला नाही.

त्याच दिवशी पाणीपुरवठ्याचे मुकादम आले. भल्या देहाचा माणूस, अठरा वर्षांपासूनचे सभासद. रहस्यकथा सोडून दुसरं काही वाचलेलं नाही. त्यांच्या खात्यानं आपलं मशीन पंपघरात ठेवलं होतं, आणि तिथल्या ओलीनं चार दिवसांत साखळीला गंज चढला होता. ते वाचनकक्षात आले, मशीनभोवती एक फेरी मारली, खाली वाकून खिसा पाहिला, आणि आपलं सभासद कार्ड टेबलावर ठेवलं.

"बाई, हे न्यायचंय."

"मुकादम, हे पुस्तक नाही."

"दाखल क्रमांक आहे. खिसा आहे. मुदत लिहिलीय. पुस्तकाला आणखी काय लागतं?"

"आम्ही त्यावर सराव करतोय हो!" ताई म्हणाली.

"तुम्ही पुस्तकंही वाचता, ताई. म्हणून आम्हाला देत नाही का?"

बाईंनी नियमावली काढली. ती त्यांनीच लिहिलेली होती. 'नोंद झालेली व लाल शिक्का नसलेली प्रत्येक वस्तू सभासदास घरी नेता येईल.' नकाशे आणि पृथ्वीचे गोल डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी 'वस्तू' असं लिहिलं होतं, आणि तेव्हा त्या वाक्याचा त्यांना अभिमानही वाटला होता.

बाइंडर त्यांच्या कानाशी वाकला. "बाई, लाल शिक्का कपाटात आहे. मी यांना बोलण्यात गुंतवतो. तुम्ही फक्त ठप्पकन..."

"मागणी आल्यावर मारलेला शिक्का खोटा असतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वीस तारखेचा ठसा उमटवला. मुकादमांची चार माणसं मशीन उचलून घेऊन गेली. जिन्यावरून जाताना ते एकदा कठड्याला घासलं, तेव्हा बाईंनी डोळे मिटले.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्याला मिळालेली वस्तू आपल्यालाही हवी असते, हे ग्रंथालयात जितकं दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नसेल. संध्याकाळपर्यंत मागणीवहीत त्या मशीनसाठी अकरा नावं लागली. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, दोन विणकाम शिकणाऱ्या जावा होत्या, आणि वर्तमानपत्राशिवाय कशालाच हात न लावणारे एक आजोबाही होते.

"आपलं नाव घालते," ताई म्हणाली.

"कर्मचाऱ्यांचा नंबर सभासदांनंतर," बाई म्हणाल्या.

"म्हणजे बारावा? पंधरा-पंधरा दिवसांनी?" ताईनं बोटं मोजली. "बाई, सहा महिने! आणि स्पर्धा तर याच महिन्यात!"

सराव तर करायलाच हवा होता. तळघरातली पुस्तकं वर आणायला एक दोरीचा पाळणा होता. बाइंडरनं ठेंगणं चाकांचं स्टूल त्याच्यासमोर ठेवलं, पाय टेकायला भिंतीशी फळी लावली आणि म्हणाला, "बसा बाई. मी खालून भरतो." तेव्हापासून रोज दुपारी तिघं आळीपाळीनं दोरी ओढू लागले. सुरुवात कादंबऱ्यांपासून झाली. मग चरित्रं, मग कायदा. आठव्या दिवशी बाईंनी विश्वकोशाचे सहा खंड एका दमात वर ओढले आणि हळूच विचारलं, "सातवा आहे का खाली?" अडचण एवढीच, की वर आलेली पुस्तकं खाली पाठवायला कुणाला सवड नव्हती. वीस तारखेपर्यंत सगळं तळघर वाचनकक्षात आलं, आणि वर्तमानपत्रवाल्या आजोबांना आपल्या खुर्चीपर्यंत पोचायला वाट विचारावी लागू लागली.

वीस तारखेला मुकादमांनी मशीन आणून दिलं. त्यांना मुदत वाढवून हवी होती, पण मागणीवहीत नावं असताना मुदत वाढत नसे. "अहो, दहा दिवस राहिलेत स्पर्धेला! आमच्या मशीनची साखळी अजून नीट फिरत नाही."

"माझ्याकडे तर साखळीच नाही, मुकादम," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी यादीतलं पहिलं नाव पुकारलं.

पहिलं नाव काकूंचं होतं. काकू म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गायनशिक्षिका. वय सत्तर, आवाज अजून घंटेसारखा. त्या पुतण्याची गाडी घेऊनच आल्या होत्या. मशीन गेलं ते पुढल्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत.

अठ्ठावीस तारखेला समितीचं पत्र आलं. तीस तारखेला आपापलं मशीन घेऊन यावं. ज्या खात्याचं मशीन नसेल, ते खातं उतरू शकणार नाही. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि त्या काकूंच्या घरी गेल्या.

काकू बैठकीच्या खोलीत वल्हवत होत्या. प्रत्येक ओढीला एक सूर, असे त्यांचे सात सूर वर जात आणि सात खाली येत.

"या बाई, बसा. मुदत संपली का?"

"नाही. पाच तारखेपर्यंत आहे."

"मग?"

"सहज आले होते," बाई म्हणाल्या, आणि पत्राची घडी हातात फिरवत बसल्या.

काकूंनी ते पत्र काढून घेऊन वाचलं. "अहो, मग आत्ताच परत करते की!"

"परत केलंत तर यादीतल्या पुढच्या सभासदाला द्यावं लागेल. दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी काल दोनदा चौकशी केली."

"हे नियम केले तरी कुणी?"

"मीच."

काकूंनी पत्राची घडी घालून ते परत दिलं. मग म्हणाल्या, "माझ्या नावावर आहे ना? मग मी ते कुठंही नेईन. स्पर्धेलाच घेऊन येते. पण एक अट आहे. मला संघात घ्यायचं. आठ दिवस वल्हवतेय मी या खोलीत. कुठवर पोचले, ते कळू दे एकदा."

"किती वेळ लागतो तुम्हाला?"

"सव्वासहा मिनिटं."

दोरीवरच्या सरावानंतर बाईंना मशीनवर किती मिनिटं लागली असती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सात तरी नक्की. बाईंनी मनात बेरीज केली. त्या स्वतः बसल्या तर सहावा नंबर. काकू बसल्या तर कदाचित पाचवा. "मी हिशेब लिहायला बसेन," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हे ऐकून ताई रडली. बाइंडर रडला नाही, पण त्यानं एका भूगोलाच्या पुस्तकाची पाठ उलटी बांधली. बाईंनी स्पर्धेच्या नियमांचा कागद पुन्हा तपासला. संघात तिघं असावेत, मशीन खात्याचं असावं. दोन्ही बरोबर होतं.

तीस तारखेला नगरपालिकेच्या सभागृहात सहा मशीन ओळीनं मांडली गेली. शिट्टी वाजली आणि पाच खात्यांची माणसं ओरडत, कण्हत सुटली. बाइंडर मात्र तोंड मिटून बसला होता, आणि त्याच्या त्या गप्प बसण्यानंच शेजारच्या मशीनवरचा अग्निशमनचा गडी बिचकून दोनदा वळून पाहत होता. बाइंडर तिसरा आला. ताई शेवटून दुसरी. शेवटच्या फेरीत काकूंनी पहिल्याच ओढीला वरचा सूर लावला. त्यांच्या शेजारी मुकादम होते. त्यांच्या मशीनची साखळी दुरुस्तीनंतर भलतीच घट्ट झाली होती, आणि त्यात काकूंच्या गाण्यानं त्यांची लय सुटली. काकू उरकून रुमालानं कपाळ पुसत होत्या, तेव्हा मुकादमांचे ऐंशी मीटर बाकी होते.

फळ्यावर नावं लागली. पाचवं ग्रंथालय, सहावा पाणीपुरवठा. नऊ सेकंदांचा फरक. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. पाचवाच होता.

"हरकत आहे!" मुकादम उभे राहिले. "काकू कर्मचारी नाहीत. नियम नऊ. संघ खात्याच्या कर्मचाऱ्यांचाच हवा."

"नियम आठच आहेत," बाई म्हणाल्या.

"नववा मागच्या पानावर आहे, बाई."

ताई हळूच म्हणाली, "बाई, तो कागद आला त्याच दिवशी मी फायलीत चिकटवला."

"कडेनं?"

"सगळा."

"माझ्या खळीनं," बाइंडर खाली बघत म्हणाला. "आता फाईल जाळली तरी सुटायचा नाही."

समितीच्या अध्यक्षांना वाद नको होता. त्यांना जेवायला जायचं होतं. "बाई, तुम्हीच सांगा आणि मिटवून टाका. या तुमच्या कर्मचारी आहेत का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. कागद तपासायला कुणी येणार नव्हतं, आणि उद्यापासून बाईंना विचारणारंही कुणी नव्हतं. काकूंनी तर 'हो म्हणा' अशी मानही हलवली. बाईंनी फळ्यावरच्या पाचव्या ओळीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सभासद आहेत."

ग्रंथालय बाद झालं. कारकुनानं फळा पुसला आणि पुन्हा लिहिला. मुकादमांनी पाचव्या ओळीत आपल्या खात्याचं नाव वाचलं आणि ते खूश झाले. मग त्यांनी त्याच्या खाली पाहिलं.

"सहावं कोण?"

"सहावं कुणी नाही," कारकून म्हणाला. "बाद झालेल्या खात्याला नंबर नसतो."

"म्हणजे शेवटचे...?"

"तुम्ही."

मुकादम अध्यक्षांच्या मागं धावले. "साहेब, मी हरकत मागं घेतो!" पण साहेब जिना उतरून गेले होते. मुकादम परत येऊन एका खुर्चीत धपकन बसले. पलीकडे बाइंडर आणि ताई एकमेकांचे हात धरून, आवाज न करता हसत होते. ताईला हसता हसता जिन्यात जावं लागलं.

बाई उठल्या आणि मुकादमांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. बराच वेळ दोघंही त्या फळ्याकडे बघत राहिले.

"फार लावून घेऊ नका, मुकादम," बाई शेवटी मायेनं म्हणाल्या. "पहिली सात-आठ वर्षं जरा जड जातात. मग काही वाटत नाही."